सांगणारा कुठे गेला? : मुलं, हिंसा आणि हातातला पडदा



आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलेला आहे. समाजमाध्यमांवरच्या हिंसक दृश्यांपासून लहान मुलांना वाचवायचं कसं? ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी घातली, आणि तेव्हापासून आपल्याकडेही ‘असाच कायदा आणा’ असं पुन्हा पुन्हा ऐकू येतं. पालक हवालदिल झालेत, शिक्षक थकलेत. एकदा कायदा आला की सुटलो, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

आज आम्हाला या मागणीची चिकित्सा करायची आहे. चिकित्सा या शब्दाला दोन अर्थ आहेत, परीक्षण आणि उपचार. दोन्ही अर्थ मनात ठेवूनच बोलू. आणि आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत वाट पाहायला नको. मुलांना संरक्षण हवंच, त्याबद्दल वाद नाही. सध्या दोन उपाय चर्चेत आहेत. एक, वाईट मजकूर काढून टाका. दोन, लहान वयाला दारातच अडवा. दोन्ही उपायांत काही तथ्य आहे. पण मूल आणि हिंसा यांच्यामध्ये पूर्वी एक माणूस उभा असायचा, सांगणारा माणूस, आणि या माध्यमाने नेमका तोच मधून काढला. त्याच्या जागी आता कोण बसलं आहे आणि ते कोणाला जबाबदार आहे, हे दोन्ही उपाय पुरेसं विचारत नाहीत. आमची टीका एवढीच आहे, पण ती आम्हाला महत्त्वाची वाटते.

आधी मजकुराचा विचार करू.

‘मुलांच्या कानावर काय पडावं’ ही चिंता आजची नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात सॉक्रेटिस म्हणतो की आया आणि दाया मुलांना ज्या गोष्टी सांगतात, त्यांच्यावर देखरेख हवी. देव आपल्या बापाला साखळदंड घालतो, मुलाला गिळतो, असल्या कथा खऱ्या असल्या तरी कोवळ्या मुलांना सांगू नयेत, असं त्याचं मत आहे. आम्ही अनेक वर्षं हा भाग वर्गात शिकवला आणि दर वर्षी विद्यार्थी हटकून विचारायचे, ‘मग सर, नरसिंहाचं काय?’ प्रश्न बिनतोड आहे. आपल्या घरातलं मूल झोपताना ऐकतं ते काय? खांब फुटतो, नरसिंह बाहेर येतो, उंबऱ्यावर बसून नखांनी पोट फाडतो. भीम कीचकाचा असा गोळा करतो की हात कुठे नि पाय कुठे ते कळू नये. अज्ञानदासाचा अफझलखान वधाचा पोवाडा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या गाजतो आहे. मुलं हे सगळं ऐकत मोठी झाली. त्यांना भीतीही वाटली, मजाही वाटली, आणि बहुतेकांना ती शांतपणे पचलीही.

म्हणजे हिंसेचा नुसता उल्लेख किंवा नुसतं दर्शन म्हणजे विष, असं म्हणता येत नाही. उलट बाजूनेही पाहा. १९७२ साली व्हिएतनाममध्ये नापामने भाजलेली नऊ वर्षांची मुलगी रस्त्यावर विवस्त्र धावते आहे, हे छायाचित्र जगाने पाहिलं. २०१६ मध्ये फेसबुकने आपल्या नियमांवर बोट ठेवून ते काढून टाकलं. नॉर्वेतल्या ‘आफ्तनपोस्टन’ या वृत्तपत्राने आवाज उठवला. तिथल्या पंतप्रधानांनी ते छायाचित्र टाकलं तर त्यांचीही नोंद काढली गेली. अखेर कंपनीला माघार घ्यावी लागली. चित्रातला तपशील मोजणारा नियम त्या चित्राचा अर्थ ओळखू शकला नाही, कारण अर्थ तपशिलात नसतोच. तो कोण दाखवतो, कोणाला, कशासाठी, यांतून ठरतो.

मग नरसिंहाची गोष्ट आणि मोबाईलवरची चित्रफीत यांत नेमका फरक काय? ‘एक काल्पनिक, दुसरी खरी’ हे उत्तर लगेच सुचतं, आणि त्यात अर्धं सत्य आहे. अर्धंच, कारण अफझलखानाचा वध काही काल्पनिक नाही. फरक आहे तो सांगणाऱ्याचा.

आजी गोष्ट सांगते तेव्हा काय काय करते ते जरा सुटं करून पाहू. पहिलं म्हणजे ती वेळ निवडते. तापाने फणफणलेल्या नातवाला ती कीचकवध सांगत नाही. दुसरं, तिची नजर नातवाच्या चेहऱ्यावर असते. तो गोधडीत शिरला की ती आवाज खाली आणते, ‘घाबरलास का रे?’ म्हणते, जमलं तर नखांचा भाग उरकून टाकते. तिसरं, ती आधीचं आणि नंतरचं सांगते. नरसिंहाच्या आधी हिरण्यकशिपूचा छळ असतो, आणि नंतर प्रल्हादाच्या मस्तकावर ठेवलेला हात असतो. पोट फाडण्यावर गोष्ट संपत नाही. आणि चौथं, ती जबाबदार असते. रात्री पोरगं दचकून उठलं की सून विचारते, ‘आई, काय सांगितलंत तुम्ही त्याला?’

वेळ, नजर, मागचं-पुढचं आणि जबाबदारी. सांगणाऱ्याची ही चार कामं ध्यानात ठेवा. पुढे आपण यांनीच सगळं मोजणार आहोत.

मोठमोठ्या परंपरांनीही ही कामं ओळखली होती. युद्ध, राज्यनाश, मृत्यू, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून कळवाव्यात, असा नियम भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. म्हणजे पात्रांनी येऊन ते सांगायचं. ग्रीक नाटकातही तेच. ईडिपस स्वतःचे डोळे फोडतो ते रंगमंचाच्या आड. दूत बाहेर येतो आणि काय घडलं ते सांगतो. हे लोक नाजूक मनाचे होते म्हणून असं करत नव्हते. त्यांच्या नाटकांत खून, सूड, युद्ध ठासून भरलेलं आहे. पण भीषण गोष्ट माणसाच्या तोंडून, माणसाच्या आवाजातून यावी, ही जाण त्यांच्याकडे होती.

आता एकदम आपल्या काळात येऊ. १५ मार्च २०१९. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात एका इसमाने दोन मशिदींत गोळीबार केला आणि ५१ माणसं मारली. त्याने डोक्याला कॅमेरा लावला होता आणि पहिल्या मशिदीतलं हत्याकांड तो फेसबुकवरून थेट दाखवत होता. ते प्रक्षेपण सुमारे १७ मिनिटं चाललं. फेसबुकने नंतर जाहीर केलेली माहिती अशी की ते थेट पाहणारे २०० सुद्धा नव्हते, आणि पहिली तक्रार आली ती प्रक्षेपण संपल्यावर १२ मिनिटांनी. पण पहिल्या २४ तासांत कंपनीला त्याच्या १५ लाख प्रती हटवाव्या लागल्या. त्यांतल्या १२ लाख प्रती चढवतानाच अडवल्या गेल्या. उरलेल्या तीन लाख काही वेळ तरी लोकांच्या पडद्यांवर होत्या.

आपली चार कामं लावून बघा. वेळ कोणी निवडली? खुन्याने. नजर कुठे होती? बंदुकीच्या नळीवर. आधीचं आणि नंतरचं? ते फितीत नाहीच. तिथे माणसं नमाजाला का आली होती, त्यांच्या घरी कोण वाट पाहत होतं, हे काही नाही. या गोष्टीत सांगणारा आणि मारणारा एकच आहे! मुलाच्या हातात ही फीत पडते तेव्हा ते खुन्याच्या डोळ्यांतून पाहत असतं. हिंसाचाराच्या दर्शनाच्या इतिहासात ही गोष्ट आम्हाला फार वेगळी वाटते. पूर्वीही चौकात फाशी देत, लोक बघायला जमत. पण जल्लादाच्या डोळ्यांत बसून बघायची सोय नव्हती.

क्राइस्टचर्चनंतर पावलं उचलली गेली, हे मान्य करायला हवं. दोन महिन्यांनी पॅरिसमध्ये न्यूझीलंड आणि फ्रान्स यांच्या पुढाकाराने ‘क्राइस्टचर्च कॉल’ नावाचा जाहीरनामा झाला. भारतही त्यात सामील झाला. यंत्रणा खरोखर वेगवान झाल्या. मे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात असाच हल्ला झाला तेव्हा ट्विच या माध्यमाने हिंसा सुरू झाल्यावर दोन मिनिटांच्या आत प्रक्षेपण तोडलं. दोन मिनिटं! तरीही एका प्रतीला दुसऱ्या संकेतस्थळावर ३० लाखांहून अधिक वेळा पाहिलं गेलं. मजकूर काढण्याचा उपाय किती धावला तरी कुठे कमी पडतो, ते यातून कळतं. मूळ फीत दोन मिनिटांत मेली, तिच्या प्रती जगल्या, कारण प्रत पसरवणारी यंत्रणा तशीच होती.

आता त्या यंत्रणेकडे वळू. आम्ही म्हटलं, सांगणारा मधून गेला. पण जागा रिकामी राहिली का? नाही. तिथे शिफारस करणारं यंत्र येऊन बसलं. तुम्ही एक रील पाहता, अंगठा वर सरकवता, पुढची येते. ती कोणी निवडली? मुलाने नाही, शिक्षकाने नाही, बनवणाऱ्यानेही नाही. ती अल्गोरिदमने निवडली. फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी इन्स्टाग्रामवर अनेक देशांतल्या लोकांना अचानक रक्तपाताच्या, मृत्यूच्या रील्स दिसू लागल्या. त्यांनी त्या मागितल्या नव्हत्या. काहींनी तर संवेदनशील दृश्यं टाळण्याची सोय चालू ठेवलेली होती. मेटा कंपनीने चूक मान्य करून माफी मागितली. खुलासा असा होता की ज्याची शिफारस व्हायला नको होती असा मजकूर लोकांना दिसला. तो शब्द पकडून ठेवा, शिफारस. म्हणजे रोजच्या दिवशीही शिफारस होतेच, त्या दिवशी फक्त भलतीच झाली.

हे यंत्र आजीसारखी निवड का करू शकत नाही? याचं उत्तरही प्लेटोकडे सापडतं. ‘रिपब्लिक’च्या चौथ्या भागात लिओन्टिअस नावाच्या माणसाची छोटीशी हकिकत आहे. तो पिराएसहून शहराकडे येत असतो. भिंतीच्या कडेला जल्लादापाशी प्रेतं पडलेली दिसतात. त्याला बघायची अनावर इच्छा होते, आणि त्याच क्षणी स्वतःची किळसही येते. तो तोंड फिरवतो, चेहरा झाकतो, झगडतो. शेवटी इच्छा जिंकते. तो डोळे फाडून धावत जातो आणि स्वतःच्याच डोळ्यांना शिव्या घालत म्हणतो, घ्या मेल्यांनो, भरा पोट!

आता कल्पना करा की लिओन्टिअसच्या हातात मोबाईल आहे. यंत्राला काय कळेल? डोळे थांबले, एवढंच. तोंड फिरवलं ते कळणार नाही. झगडा कळणार नाही. शिव्या तर नाहीच नाही. यंत्राच्या वहीत नोंद होईल, ‘या माणसाला प्रेतं आवडतात, आणखी पाठवा.’ थांबलेली नजर म्हणजे आवड, हे समीकरण सगळ्या व्यवहाराच्या मुळाशी आहे आणि ते मानसशास्त्र म्हणूनही खोटं आहे. माणूस भीतीने थांबतो, किळसेने थांबतो, करुणेने थांबतो. मूल तर नुसतं ‘हे काय आहे?’ म्हणून थांबतं. आजीला यांतला फरक चेहऱ्यावर दिसतो. यंत्र फक्त सेकंद मोजतं. त्यातून मुलाची खरी आवड कळत नाही, त्याची सर्वांत दुबळी बाजू तेवढी कळते.

इथे रससिद्धान्ताची थोडी मदत घेऊ. रौद्र, भयानक, बीभत्स हे आपल्याकडे रस मानले आहेत. म्हणजे भयाचाही आस्वाद घेता येतो. पण कधी? अभिनवगुप्त सांगतो की जेव्हा ते भय ‘माझं’ किंवा ‘याचं’ राहत नाही, सर्वांचं होतं, तेव्हा. त्यासाठी प्रेक्षकाला एक अंतर लागतं, आणि ते अंतर नाटक तयार करून देतं. याउलट रस्त्यावर खरी मारामारी दिसली तर तिथे रस नाही, पण कृती आहे. आपण ओरडू शकतो, धावू शकतो, सोडवू शकतो, निदान पळू शकतो. मोबाईलवरच्या खऱ्या खुनाच्या फितीत मुलाला या दोहोंपैकी काहीच मिळत नाही. ना प्रेक्षकाचं अंतर, ना साक्षीदाराचे हातपाय. त्याच्या वाट्याला नुसतं असहाय बघणं येतं, आणि पाचव्या सेकंदाला पुढच्या रीलमध्ये मांजर नाचू लागतं. त्या मुलाने त्या पाच सेकंदांचं काय करावं? कुणाला सांगावं?

एवढी तयारी झाल्यावर वयाच्या उपायाकडे येऊ. ऑस्ट्रेलियाचा कायदा नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस संमत झाला. त्यातली चांगली बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर चांगली आहे. त्यात मुलाला शिक्षा नाही, आई-बापांना शिक्षा नाही. कंपनीने वाजवी उपाय केले नाहीत तर दंड तिला, तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. ‘आई-वडिलांचं लक्ष नाही’ हे पालुपद ऐकून कान किटलेल्यांना हा मोठा दिलासा आहे.

पण कायदा नेमकं काय अडवतो? खातं. बघणं नाही. यूट्यूबसारखं माध्यम खात्याशिवायही पाहता येतं. व्हॉट्सॲपसारखी निरोपाची साधनं यादीबाहेर आहेत. आणि सोळावा वाढदिवस उजाडला की काय? काल ज्याला दाराबाहेर ठेवलं, त्याला आज त्याच यंत्रासमोर बसवलं. यंत्र बदललेलं नाही. पोहायला न शिकवता १६ वर्षं नदीपासून लांब ठेवायचं आणि मग पुराच्या दिवशी सोडून द्यायचं, असं काहीसं हे आहे.

याच देशातली आणखी एक घटना पाहा. १५ एप्रिल २०२४ ला सिडनीच्या वेकली भागातल्या चर्चमध्ये प्रवचन थेट प्रसारित होत असताना १६ वर्षांच्या मुलाने बिशपवर चाकूहल्ला केला. बिशप वाचले. तिथल्या ई-सेफ्टी आयुक्तांनी ती दृश्यं हटवायला सांगितलं. एक्स कंपनीने ती ऑस्ट्रेलियापुरती रोखली, जगभर हटवायला नकार दिला. न्यायालयाने मे महिन्यात तात्पुरता मनाईहुकूम वाढवला नाही आणि जूनमध्ये आयुक्तांनी खटला सोडून दिला. पुढे २९ जुलै २०२४ ला इंग्लंडमधल्या साउथपोर्ट गावी एका तरुणाने नाचाच्या वर्गात शिरून तीन लहान मुलींचा खून केला. घरातून निघण्याच्या काही मिनिटं आधी त्याने एक्सवर सिडनीच्या त्याच हल्ल्याची फीत शोधली होती, असं नंतर उघड झालं. त्याचं वय १७ होतं. म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या नियमाने तो आत येऊ शकणाराच.

त्या फितीमुळे खून झाला, असं आम्ही म्हणणार नाही. कार्यकारणाचा असा सोपा दोरा तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने ओढू नये. त्या मुलाबद्दल संबंधित यंत्रणेकडे आधी तीनदा कळवलं गेलं होतं, आणि तिथे माणसंच कमी पडली. शिवाय त्याने फीत स्वतः शोधली होती, यंत्राने पुढ्यात टाकली नव्हती. म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. मारेकऱ्याने जाहिरात म्हणून बनवलेली फीत काढूनच टाकली पाहिजे, तिथे सौदा नाही. अशा हल्ल्याची इतरांकडून टिपली गेलेली दृश्यं शोधणाऱ्याला मिळावीत तर संदर्भासह, सहजी नाही. पण लाखो मुलं काही शोधत नसतात. ती अंगठा सरकवत असतात. आमचा मुख्य मुद्दा त्यांच्याबद्दल आहे.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे. त्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती, आणि तिची माहिती वापरायला पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. ऐकायला छान आहे. पण आपल्या घरांत काय चित्र असतं? फोन आईचा, तो वापरतं पोरगं. आईला तिकीट काढून देणारं, ओटीपी वाचून दाखवणारंही पोरगंच. तिथे संमती कोण कोणाला देणार? आणि समजा दिली. ती एकदाच दिलेली सही असते. आजी काही एकदा सही करून झोपायला जात नव्हती. ती गोष्टीभर जागी असायची.

त्याच कायद्याच्या नवव्या कलमात मात्र एक फार मोलाची गोष्ट आहे, जिच्याबद्दल चर्चा कमी होते. मुलांचा मागोवा घेणं, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं यांना तिथे मनाई केली आहे. आम्हाला विचाराल तर खरा उपाय या वाक्यात दडलेला आहे. मुलाची नजर कुठे किती सेकंद थांबली हे मोजायचंच नाही, असं ठरलं तर लिओन्टिअसच्या वहीतली नोंदच बंद होते. सूट न देता, पळवाटा न काढता हे कलम अमलात आलं पाहिजे, हा आग्रह वयाच्या बंदीपेक्षा जास्त कामाचा आहे.

‘यंत्रात बदल करणं शक्य तरी आहे का?’ असं कुणी विचारेल. शक्य आहे, आणि त्याचा धडा महाराष्ट्रातही किंमत मोजून मिळाला आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. त्या काळात देशभर एक फीत फिरत होती, मोटारसायकलवरून मूल पळवल्याची. ती मूळची कराचीतली, मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जनजागृतीची फीत होती. शेवटी पळवणारेच मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवून सावध राहा सांगतात. तो शेवट कुणीतरी कापला. ऐका नीट, हिंसक भाग कापला नाही, सांगणाऱ्याचा भाग कापला. उरलं ते विष झालं.

त्यानंतर व्हॉट्सॲपने काय केलं? संदेश वाचले नाहीत. पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण आली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली गेली. एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि असे संदेश पसरण्याचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटलं, असं कंपनीनेच सांगितलं. कुणाच्या बोलण्यावर सेन्सॉर बसवला नाही, कुणाचं वय विचारलं नाही. वेग कमी केला. ठरवलं तर जमतं, याचा हा पुरावा.

मग कंपन्या ठरवत का नाहीत? कारण जबाबदारीच्या प्रश्नावर त्या दोन तोंडांनी बोलतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०२४ मध्ये त्यांच्या संघटनांनी बाजू मांडली की काय दाखवायचं याची निवड ही आमची अभिव्यक्ती आहे, संपादकासारखी, सरकारने त्यात पडू नये. आणि नुकसानभरपाईचे दावे आले की त्याच कंपन्या म्हणतात, आम्ही नुसती भिंत, लिहिणारे दुसरेच. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका संघीय अपील न्यायालयाने हा दुटप्पीपणा पकडला. एका जीवघेण्या ‘चॅलेंज’च्या फिती टिकटॉकने १० वर्षांच्या मुलीपुढे आणल्या आणि तिचा जीव गेला. न्यायालय म्हणालं, ही शिफारस टिकटॉकचं स्वतःचं बोलणं आहे. तर्कशास्त्र एवढंच सांगतं की तुम्ही बोलणारे असाल तर बोलल्याबद्दल उत्तर द्या, आणि भिंत असाल तर निवडू नका.

आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमातही मध्यस्थाला संरक्षण देताना एक अट अशी आहे की संदेश कोणाला जायचा हे त्याने निवडलेलं नसावं. हे कलम वाचावं आणि मग रील्सचं यंत्र काय करतं ते पाहावं. ते दर क्षणाला तेच एक काम करत असतं. कायदेपंडित यावर वेगवेगळं बोलतील, पण हा प्रश्न न्यायालयांपुढे आणि संसदेपुढे नेटाने गेला पाहिजे, असं आम्हाला वाटतं.

एका आक्षेपाला उत्तर देणं भाग आहे. ‘सर, मुलांचं नाव पुढे करून सरकार सगळ्यांचं तोंड बंद करेल.’ ही भीती खोटी नाही. याच कायद्याचं ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, ते उगीच नाही. आणि काही हिंसक दृश्यं जगासमोर यावीच लागतात. २०२० साली मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड मेला, ते एका १७ वर्षांच्या मुलीने टिपलं नसतं तर न्याय झाला असता का? म्हणूनच आम्ही मजकूर पुसण्याच्या व्यापक अधिकारापेक्षा शिफारशीच्या जबाबदारीवर भर देतो. बोलण्याचं स्वातंत्र्य म्हणजे लहान मुलाच्या पुढ्यात यंत्राने काहीही टाकत राहण्याचं स्वातंत्र्य नव्हे. स्वातंत्र्याचा एवढा कैवारी जॉन स्टुअर्ट मिल, पण त्यानेही आपलं तत्त्व प्रौढांपुरतंच आहे, मुलांना ते लागू नाही, असं ‘ऑन लिबर्टी’च्या आरंभीच स्पष्ट केलं आहे.

तेव्हा मागणी करायची तर ती अशी करू. मुलांसाठी नजरेवर बेतलेली शिफारस मुळातच बंद असावी. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या माध्यमांना वैयक्तिक माहितीवर न बेतलेली शिफारस निवडण्याची सोय देणं बंधनकारक केलंच आहे. मुलांच्या बाबतीत ती निवड न ठेवता नियम करावा. खऱ्या हिंसेची दृश्यं आपोआप समोर येऊ नयेत. आणि चुकीच्या शिफारशीबद्दल जाब विचारायला नाव-पत्ता असलेलं कुणीतरी असावं, त्या सुनेने सासूला विचारला तसा.

हे होईल तेव्हा होईल. तोवर घरातलं काम आपलं आहे. मुलाने काही भयंकर पाहिलं तर ते बहुतेक वेळा सांगत नाही, कारण सांगितलं की फोन जाईल हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तेव्हा फोनची जप्ती थोडी बाजूला ठेवा. आजी-आजोबांनो, हे विशेषतः तुम्हाला. जेवताना, फिरताना सहज विचारा, ‘आज काय काय दिसलं रे त्यात?’ आणि ते जे सांगेल ते न ओरडता ऐका. तो माणूस कोण होता, नंतर काय झालं, कुणी मदत केली का, असं त्याच्याबरोबर बसून शोधा. कापलेलं मागचं-पुढचं त्याला जोडून द्या. इथे सांगणारं मूल असेल आणि ऐकणारे तुम्ही. चालेल. मध्ये माणूस असल्याशी कारण.

बराच वेळ घेतला. आता तुमचे प्रश्न घेऊ. विशेषतः शिक्षक मंडळींनी शाळेतले अनुभव सांगावेत, ते आम्हाला ऐकायचे आहेत.